मुक्या घंटेचे दोन दिवस

रेणापूरला रेणुकामातेच्या देवळात पाऊल टाकलं की हात आपोआप वर जातो. आधी घंटा, मग दर्शन. आमची हलती दीपमाळ बघायला लांबून माणसं येतात, तीही घंटा वाजवल्याशिवाय आत जात नाहीत. त्यामुळे वर्षातले दोन दिवस घंटा मुद्दाम मुकी ठेवणारी उपासना असते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उमगलंच नाही.

सांगणारे होते वसईचे एक निवृत्त शिक्षक. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईतल्या नंदाखालचे. त्यांच्या गावाकडची माणसं आमच्या मराठवाड्यात आली होती आणि मांडवात हे सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. निघताना म्हणाले, "नाताळला या असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. तुम्ही उपवासकाळात या. पवित्र गुरुवारी पोचा, म्हणजे आम्ही काय आहोत ते कळेल." मग कोरोना आला, पुढे शाळेच्या कामांत वर्षं गेली. २५ जुलै २०२४ला फादर दिब्रिटो गेल्याचं वाचलं आणि सरांना फोन केला. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता तरी या, गुरुजी."

२०२५च्या एप्रिलात, बुधवारी रात्री लातूरहून मुंबईच्या गाडीत बसलो. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे याच रुळांवरून लातूरला आली होती. ते दिवस आम्ही काढले आहेत; उपाशी राहणं आणि तहानलेलं राहणं यांतला फरक लातूरकराला कुणी शिकवायला नको. दादरला उतरून विरार लोकल धरली आणि सकाळी वसई रोडला उतरलो. सरांच्या घरी दुपारपर्यंत पोचायचं होतं, म्हणून आधी किल्ल्याकडे गेलो.

वसईचा किल्ला शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो: १७३९, चिमाजी आप्पा, विजय. तिथे उभं राहिलं की त्या ओळीच्या आधीची दोनशे वर्षं दिसायला लागतात. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४च्या डिसेंबरात करार करून वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर इथे तटाच्या आत एक अख्खं शहर उभं राहिलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचं आपलं चर्च आणि आपला मठ. आज छपरं नाहीत, कमानींतून वड-पिंपळाची मुळं उतरली आहेत. सेंट जोसेफच्या उंच मनोऱ्याखाली मान वर करून बघितलं. जिथे घंटा असायची तिथून आभाळ दिसत होतं.

त्या घंटा कुठे गेल्या, हे मराठी माणसाला ठाऊक असतं; फक्त ते त्याने जोडून पाहिलेलं नसतं. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण नारोशंकराची घंटा म्हणतो. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली ती घंटा वसईच्या लुटीतली म्हणून सांगतात. भीमाशंकरला देवळासमोर टांगलेली घंटा, मेणवलीला कृष्णेच्या घाटावरची घंटा, याही तशाच पोर्तुगीज ओतकामाच्या. भीमाशंकरला मी दोनदा गेलो आहे आणि दोन्ही वेळा भाविकांनी तिच्याखाली उभं राहून हात जोडलेले पाहिले आहेत. घंटा ज्याच्यासाठी ओतली तो देव बदलला, तरी तिने वाजणं सोडलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण प्रवासवर्णनात ती गाळण्याची सवय असते. पोर्तुगिजांच्या राज्यात या मुलखातली देवळं पाडली गेली, लोकांवर धर्मासाठी दडपण आलं, जुलूम झाले. मराठ्यांनी वसई घेतली तो त्या रयतेच्या दृष्टीने सुटकेचा दिवस होता. पण तोवर सात-आठ पिढ्या ख्रिस्ती म्हणून इथे जन्मल्या होत्या, इथेच पुरल्या गेल्या होत्या. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया तर ५ फेब्रुवारी १५९७ला जपानात नागासाकीला क्रूसावर गेला. १८६२मध्ये रोमने त्याला संत ठरवलं. तो पहिला भारतीय संत. १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगीज शहर सोडून गेले, त्यांचे पाद्री गेले, सत्ता गेली, घंटाही गेल्या. शेतात राबणारी, मासे मारणारी ही माणसं मात्र कुठे जाणार होती? ती इथलीच. त्यांचा सांभाळ देशी धर्मगुरूंच्या हाती आला. वरचं सगळं गेल्यावर ती कशाच्या आधारावर टिकली, हा प्रश्न घेऊन मी किल्ल्यातून बाहेर पडलो.

निर्मळवरून नंदाखालला जाणारा रस्ता केळीच्या बागांमधून, विहिरींच्या कडेने जातो. एप्रिलातसुद्धा रहाटाच्या जुन्या विहिरींना पाणी! मी रिक्षा थांबवून एका विहिरीत वाकून पाहिलं. या हिरव्या पट्ट्यासाठी आणि त्याच्या पाण्यासाठी फादर दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीतून लढा दिला होता. ते मी वाचलं होतं. तो लढा कशासाठी होता हे मात्र त्या विहिरीच्या काठावरच कळलं.

नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च मूळचं १५७३चं. संध्याकाळी सरांबरोबर आत गेलो तेव्हा आधी डोळ्यांत भरला तो ओकेपणा. सर हळू आवाजात एकेक दाखवत होते. राखेच्या बुधवारी, म्हणजे त्या वर्षी ५ मार्चला, कपाळावर राख लावून हा उपवासकाळ सुरू झाला. राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्यांची. तेव्हापासून वेदीवर फुलं नाहीत. 'आलेलुया' हा जयघोष गाण्यांतून काढून टाकलेला. पुतळे जांभळ्या कापडात झाकलेले. लग्नाचे बार नाहीत, घरात गोडधोड नाही, शुक्रवारी मांस नाही. चाळीस दिवस म्हणायचे. मधले रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून दिनदर्शिकेवर ते शेहेचाळीस भरतात. आमच्या नवरात्रात घट बसतात, रोज नवी माळ चढते, दिवसागणिक भर पडत जाते. इथे दिवसागणिक एकेक वस्तू उचलून नेतात.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू झाली. 'परमेश्वराचा गौरव' हे स्तोत्र सुरू होताच मनोऱ्यातली मोठी घंटा, वेदीजवळच्या लहान घंटा, सगळ्या एकदम वाजायला लागल्या, स्तोत्र संपेपर्यंत वाजत राहिल्या आणि थांबल्या. "आता शनिवारी रात्री," सर कुजबुजले. पुढे फादरांनी गुडघ्यांवर बसून गावातल्या बारा जणांचे पाय धुतले, टॉवेलने पुसले. त्यांत एक कोळी आजोबा होते. भेगाळलेलं पाऊल पुढे करताना त्यांना संकोच झाला. ते सारखे पाय मागे घेत होते. फादरांनी तो हातात धरूनच ठेवला. पुढे जिथे एरवी घंटी किणकिणते तिथे एका मुलाने लाकडी खटखटा वाजवला. कोरडा आवाज, दारावर काठी आपटल्यासारखा. शेवटी वेदीवरचं कापड काढलं, मेणबत्त्या नेल्या, आणि उघडी वेदी राहिली.

त्यानंतर रात्री उशिरापर्यंत लोक एका बाजूच्या वेदीपुढे जागत बसले. अटक होण्याआधीच्या रात्री येशूने शिष्यांना आपल्याबरोबर तासभर जागायला सांगितलं होतं आणि ते झोपले होते. हा जागर त्याची आठवण. लाल लुगड्यातल्या आज्यांनी गायला सुरुवात केली. ना पेटी, ना ऑर्गन. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. आईचा शोक होता तो. चाल ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण ती मला परकी नव्हती. माझी आजी जात्यावर अशीच ओळ लांबवायची.

घरी आल्यावर सरांच्या आईंना विचारलं, "आजी, हे कुठून शिकलात?" म्हणाल्या, "सासूकडून. तिने तिच्या सासूकडून." त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे. शब्द कळायचे नाहीत. १९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी वेदीवर आली. "पण घरात ती आधीपासूनच होती की," आजी म्हणाल्या.

किती आधीपासून, ते सरांनी कपाटातून काढून दाखवलं. 'ख्रिस्तपुराण'. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्याला आला, साष्टीत राहिला, आणि येशूची कथा त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. १६१६मध्ये रायतूरला ती रोमन लिपीत छापली गेली. त्यातल्या मराठीच्या गौरवाच्या ओव्या शाळेत मी स्वतः शिकवल्या आहेत, पण सुटा उतारा म्हणून; हे पुस्तक रडण्यासाठी वापरलं जायचं हे मला माहीत नव्हतं. हिशेब करून पाहिला: १५८४मध्ये पैठणला नाथमहाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करत होते, तेव्हा हा माणूस समुद्रकाठी ओवीचं वजन कानात भरून घेत होता. आमच्या गावात श्रावणात हरिविजयाची पोथी लागते, तशी ही पोथी गोव्याच्या चर्चांत वाचली जायची. उत्तर कोकणात दुसरं एक पुराण होतं, फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराइन्श याचं, १६५९चं. ते येशूच्या दुःखसहनावर आणि मरणावर, इकडच्या लोकांच्या बोलीच्या जवळचं. उपवासकाळात ते घराघरांत गायलं जायचं. आजी गातात ते त्यातलंच की नंतर कुणा बाईने रचलेलं, याची त्यांना फिकीर नाही. मला मात्र किल्ल्यातल्या प्रश्नाचं उत्तर सापडत होतं. पाद्री निघून जातात, घंटा काढून नेता येतात. सासूने सुनेच्या गळ्यात घातलेली ओवी कोण काढून नेणार?

शुक्रवारी पहाटे क्रूसाची वाट. चौदा स्थानं, गावातल्या रस्त्यांवर. पुढे लाकडी क्रूस. तो आळीपाळीने खांद्यावर घ्यायचा. पहिल्या स्थानी मरणाची शिक्षा, चौदाव्या स्थानी कबर, आणि मधे तीन वेळा पडणं: तिसऱ्या, सातव्या, नवव्या स्थानी. प्रत्येक स्थानी माणसं गुडघे टेकत होती, डांबरावर, खडीवर. चौथ्या स्थानी आई भेटते. तिथे एका अंगणापुढे घरातल्या बाईने रांगोळीविना, नुसता सडा घातला होता. तिचा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला असं मागून कुणीतरी सांगितलं. तिथे सगळेच नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

दुपारी पेज आणि लोणचं, एवढंच. अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना राखेच्या बुधवारी आणि आज उपवास बंधनकारक. शहाऐंशीच्या आजींना सूट आहे, पण त्यांनीही पेजेवरच भागवलं. "उपवास म्हणजे जेवणाची आठवण राहिली पाहिजे," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या उपवासाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी मला आठवली आणि मी गप्प जेवलो.

तीन वाजता चर्च भरून अंगणापर्यंत माणसं. आज मिस्सा नसते, वर्षातला असा हा एकच शुक्रवार. फादर आले आणि बोलले काहीच नाहीत. उघड्या वेदीपुढे फरशीवर पालथे पडले. हजारभर माणसांत खोकलासुद्धा आला नाही. मग योहानाच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाची कथा, तिघांच्या आवाजात. येशूने प्राण सोडला त्या वाक्यापाशी वाचन थांबलं आणि सगळे गुडघ्यांवर आले. मीही. माझ्या डाव्या हाताला आजी होत्या. बाकी सगळं नेलेलं होतं: घंटा, फुलं, दिवे, वेदीचं कापड. उरला होता तो फक्त आवाज, आणि तो आवाज माझ्या भाषेत बोलत होता. क्रूसाचं चुंबन घ्यायला रांग लागली. मी जाऊ की नको या विचारात होतो, तेवढ्यात आजींनी उठण्यासाठी माझा हात धरला आणि मी त्यांना आधार देत पुढे गेलो. त्या वाकल्या. मी नमस्कार केला.

"दोन दिवस थांबा, पुनरुत्थानाचा सण करून जा," सर म्हणाले. पण रविवारी घरी कार्य होतं. रात्री दादरहून गाडी धरली. शनिवारी सकाळी लातूर, तिथून एसटीने रेणापूर. उन्हं तापली होती, नळाला पाणी नव्हतं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे देवळात गेलो. हात वर गेला आणि तसाच खाली आला. देवीला हात जोडून परतलो.

रात्री बाराच्या सुमाराला फोन वाजला. सरांच्या नातवाचा. "काका, आजीने लावायला सांगितलाय, ऐका," एवढंच बोलून त्याने फोन हवेत धरला असावा. आधी वारा, मग गर्दीचा गलबला, आणि मग ती घंटा. बायको उठून बसली, काय झालं म्हणून विचारू लागली. मी फोन तिच्या कानाशी धरला.