नया बाजारातील गच्ची

आमच्या धर्मग्रामातील शाळेत काही वर्षे अध्यापन करून गेलेल्या एका बाईंचे माहेर ग्वाल्हेरला आहे. यजमानांच्या फिरतीच्या नोकरीमुळे बाई सध्या मुलासह माहेरीच असतात. "फादर, एकदा आमच्याकडे या" हे त्यांचे निमंत्रण कित्येक दिवस पडून होते. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात अखेर तो योग आला. वसईच्या आकाशात ढगांची जमवाजमव सुरू झाली होती. बागाईतदार डोळे वर करून बसले होते. आम्ही आगाशीच्या सुकेळ्यांची एक पुडी भेट म्हणून पिशवीत टाकली आणि १९१२ सालापासून धावत असलेल्या पंजाब मेलने प्रस्थान ठेविले. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेर स्थानकावर उतरलो तेव्हा वाऱ्याचा जो झोत तोंडावर आला, तो भट्टीच्या दारातून यावा तसा होता. येथे त्यास 'लू' म्हणतात. वसईत घाम पुसता पुसता रुमाल भिजतो. येथे घाम दिसण्यापूर्वीच सुकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी हकीकत तिच्यावरच उभी आहे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली, ती पुन्हा उठली नाही. राहुट्यांच्या जागी वाडे झाले, वाड्यांभोवती बाजार झाले, आणि त्या वस्तीचे नाव आजही 'लष्कर' असेच आहे. नया बाजार हा त्या लष्कराचाच एक भाग. नाव नवे असले तरी आतल्या गल्ल्या जुन्या आहेत. फौजेबरोबर, दप्तराबरोबर आणि देवघराबरोबर आलेली मराठी घराणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्यांची मराठी ऐकण्यासारखी आहे. क्रियापदे आपल्यासारखीच, पण नामे पुष्कळदा हिंदी: गच्चीला छत, आंबापोळीला अमावट. आम्ही मात्र सवयीप्रमाणे गच्चीच म्हणू.

बाईंचे घर दुमजली, दगडी पायऱ्यांचे. सत्तरी ओलांडलेल्या आजी, बाई आणि त्यांचा सात वर्षांचा चिरंजीव, एवढी माणसे. आम्ही मोठ्या ऐटीत सुकेळी काढून मुलापुढे ठेविली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे जळलंय का?" आजी हसल्या. बाई ओशाळल्या. आम्ही त्यास समजाविले की, सोललेले केळे उन्हात राहिले म्हणजे तपकिरी व्हावयाचेच. चिरलेले सफरचंद ताटात काळे पडते तसे. त्याची काही समजूत पटली नाही. त्याच्या मते सुकामेवा म्हणजे सोन्यासारखा पिवळा बेदाणा.

त्या पिवळ्या रंगाचीच कथा बाईंनी मग सांगितली. मुलाला दम्याची प्रकृती आहे. मागील हिवाळ्यात खोकल्याची उबळ वरचेवर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या खाण्याची चौकशी केली आणि बाजारचा पिवळा बेदाणा व केशरी जर्दाळू काही दिवस बंद ठेवून पाहण्यास सांगितले. फळांचा रंग टिकावा म्हणून त्यांस गंधकाची धुरी देतात किंवा गंधकाचे क्षार लावतात. पाकिटावर बारीक अक्षरांत सल्फर डायऑक्साइड किंवा २२० हा आकडा छापलेला असतो, तो याचाच. बहुतेकांना त्याचा काही उपद्रव होत नाही. परंतु दमेकऱ्यांपैकी काहींचा श्वास त्याने अडतो. बेदाणा बंद झाल्यावर उबळी कमी झाल्या. मुलाचे तोंड मात्र उतरले. शाळेच्या डब्यात इतर मुले काहीबाही आणणार आणि याने पोळीभाजीच खावयाची, हे त्यास रुचेना. त्यावर आजी म्हणाल्या, "छतावर जाऊ. माझ्या आईनं शिकवलंय ते अजून विसरले नाही मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही गच्चीवर गेलो. आजींना जिना चढवत नाही. त्यांना आम्ही आणि बाईंनी दोन्ही बाजूंनी धरून वर नेले. दशहरी आंब्यांचा गर चाळणीवर घासून रेषा वेगळ्या काढल्या होत्या. आंबा पुरता पिकलेला असल्यामुळे साखर घातली नाही. तीन थाळ्यांना बोटाने तूप फिरविले, त्यांवर गर भाकरीहूनही पातळ पसरला आणि थाळ्या बाजेवर ठेवून वर मलमल ताणून बांधली. मलमल गराला टेकता कामा नये, हा आजींचा पहिला दंडक. टेकली की सुटत नाही. पहिला थर वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. एकदम जाड थर दिला तर वरून साय धरते, आतला ओलावा कोंडतो आणि आंबूस वास येतो. सायंकाळी थाळ्या आत न्यावयाच्या. कडा आपोआप उचलू लागल्या आणि बोटाची मागची बाजू लावल्यावर चिकटली नाही, म्हणजे झाले. दोन किलो आंब्यांची अमावट पाव किलोच्या आसपास भरते. आम्हांस हे प्रमाण फार कमी वाटले; पण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे आठवले आणि गप्प बसलो.

पूर्वी हे काम दोन दिवसांत उरकत असे. अलीकडे पश्चिमेस एक उंच इमारत उठली आहे. तिची सावली दुपारी दोनपासून गच्चीवर पडते, म्हणून आता चार दिवस लागतात. शिवाय दिवाळीनंतर या गच्चीवरच मजला चढावयाचा आहे. भावांच्या वाटण्या झाल्या आहेत, जागा पुरत नाही, दोष कोणाचाच नाही. हे बाईंनी आम्हांस जिन्यात हळूच सांगितले. आजींना ठाऊक होते की नाही, ते आम्ही विचारले नाही.

आता आमच्या पराक्रमाविषयी. तिसऱ्या दिवशी आजींचे गुडघे दुखत होते आणि बाईंना बँकेत जाणे होते. थाळ्यांची राखण आमच्याकडे आली. आम्ही जिन्याच्या सावलीत पुस्तक उघडून बसलो आणि मान्य करावयास लाज वाटते, पण आमचा डोळा लागला. जागे झालो ते अंधारून आल्यामुळे. वायव्येकडून आंधी आली होती. तिकडची आंधी म्हणजे पाऊस नव्हे, धुळीची भिंतच. मलमल एका टोकाने सुटून फडफडत होती. मुलगा जिन्याने धावत वर आला, त्याने एक थाळी छातीशी धरली आणि तो खाली पळाला. आम्ही उरलेल्या दोन उचलीपर्यंत त्यांवर धुळीचा थर बसला होता. ओल्या गरावरची धूळ पुसता येत नाही आणि धुताही येत नाही. दोन्ही थाळ्या फेकाव्या लागल्या. आजी आम्हांस काही बोलल्या नाहीत. "फादर, तुम्ही चहा घ्या," एवढेच म्हणाल्या. ते ऐकून आम्हांस अधिकच खजील वाटले.

मुलात मात्र त्या दिवसापासून फरक पडला. वाचलेली थाळी त्याची झाली. दर तासाला तो बोट उलटे करून कडा तपासू लागला. धूळ आत आली म्हणून त्याच्या छातीत घरघर होते की काय, या काळजीने बाई रात्री दोनदा उठल्या. सुदैवाने तसे काही झाले नाही.

त्याच रात्री आजींनी विचारले, "तुमच्याकडे केळं कसं वाळवतात?" आम्ही लहानपणी पाहिले होते ते सांगितले. पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसभर उन्हात ठेवावयाची आणि रात्री पेंढ्यात व केळीच्या सुक्या पानांत गुंडाळावयाची, म्हणजे आतला ओलावा बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. असे आठवडाभर चाले. वसईची हवा दमट, म्हणून ही एवढी यातायात. केळ्याचा रंग मधासारखा झाला म्हणजे ते पानात बांधून ठेवीत. आज आगाशीच्या परिसरात हे काम करणारी घरे थोडी उरली आहेत. बागांच्या जागी इमारती आल्या आणि राजेळीची लागवडही घटली. आजींनी नीट ऐकून घेतले आणि पेंढा भाताचाच लागतो का, असे विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. आमच्या घरी भाताखेरीज दुसरा पेंढा नव्हताच.

मग त्यांनी आमच्या ग्रंथात सुकामेव्याचे काही आहे काय, अशी पृच्छा केली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तो मिसरी तरुण आम्हांस आठवला. तीन दिवस व तीन रात्री अन्नपाण्यावाचून पडलेल्या त्या मुलाला दावीदाच्या माणसांनी भाकरी, पाणी, अंजिरांच्या ढेपेचा तुकडा आणि मनुकांचे दोन घड दिले, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. आजी म्हणाल्या, "दोनच? आणखी द्यायचे होते."

आजींचा हात सढळ असला तरी बाईंची शिस्त कडक आहे. फळ वाळले की त्यातील साखर दाट होते आणि दाताला चिकटून राहते. म्हणून अमावट जेवणाबरोबरच, नंतर चूळ भरावयाची, आणि दिवसाला दोन बोटे रुंदीची पट्टी पुरे. शेजारची तीन वर्षांची चिमुरडी हात पसरून आली, तेव्हा तिला अगदी बारीक तुकडे करून आणि समोर बसवून दिले. एवढ्या लहान मुलांच्या घशात अखंड बेदाणा वा चिवट तुकडा अडकण्याचे भय असते. आमच्या वाचकभगिनींनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

निघण्याच्या सकाळी अमावट थाळीतून सुटली. रंग गडद, जवळजवळ आमच्या सुकेळ्यांसारखा. मुलाने ती उजेडात धरली. "ही पण जळलेली दिसते," तो म्हणाला आणि एक पट्टी तोंडात टाकली. त्यानंतर त्याने आपणहून पुडीतले एक सुकेळे मागून घेतले. अर्धे खाल्ले, अर्धे परत ठेविले.

आजींनी आमच्यासाठी तीन पट्ट्या काचेच्या बरणीत भरून दिल्या. झाकण लावून आठवडाभर ठेवावी, रोज हलवावी, आणि काचेला आतून दव दिसले तर पुन्हा उन्हात घालावी, असे बजाविले. वसईस उतरलो तेव्हा धो धो पाऊस लागला होता आणि घालावयास ऊन कोठेच नव्हते. आम्ही बरणी कपाटावर ठेविली आणि रोज सकाळी मिस्सा आटोपून आल्यावर ती खिडकीशी धरून पाहू लागलो. सातव्या दिवशी काच कोरडी होती. तसे पत्र आम्ही नया बाजारात धाडले आहे आणि पेंढ्याबद्दल विचारून कळवितो असेही लिहिले आहे.