सिम्पली

चेन्नईच्या इंग्रजीत 'सिम्पली' हे क्रियाविशेषण शब्दकोशाला विचारून वागत नाही. 'सिम्पली आय केम' म्हणजे 'मी साधेपणाने आले' नव्हे. 'अशीच आले, काम काही नाही' एवढंच. 'डोन्ट सिम्पली टॉक' म्हणजे उगाच बोलू नकोस. या शहरात राहून माझं मत असं झालंय की ह्याला चुकीचं इंग्रजी म्हणण्यात अर्थ नाही. तो इंग्रजी कपडे घातलेला तमिळ शब्द आहे, 'सुम्मा'.

सुम्माचा संसार मोठा आहे. रिकामं बसणं सुम्मा, फुकट मिळालेलं सुम्मा, थट्टेत बोललेलंही सुम्मा. 'सुम्मा सुम्मा' असं दोनदा म्हटलं की सारखं-सारखं, विनाकारण. 2007 च्या 'शिवाजी' चित्रपटातल्या रजनीकांतच्या गाजलेल्या वाक्यात तो येतो, पण तिथे यातला एकही अर्थ नाही. 'नुसता धुरळा उडाला' म्हणताना आपला 'नुसता' जो जोर देतो, तो आहे. (म्हणणारा जन्माने शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला. असो.) तिरुवण्णामलैचे रमण महर्षी साधकांना 'सुम्मा इरु' म्हणत: नुसता अस, स्वस्थ राहा. आमच्या जिन्यात आया दंगेखोर पोरांना दटावतात तेही ह्याच दोन शब्दांत. तिथे अर्थ सरळ, गप्प बस.

शांत राहणं आणि विनाकारण असणं हे एकाच शब्दात कसं मावतं, याचं मला फार नवल वाटे. मग लक्षात आलं, हे आपल्याकडेही आहे. रडणाऱ्या बाळाला आपण 'उगी, उगी' म्हणतो. जुन्या मराठीत 'उगा राहा' म्हणजे शांत राहा. आणि त्याच 'उगा'ला च लावला की 'उगाच', कारणाशिवाय. फरक एवढाच की आपल्या उगाचला हल्ली तक्रारीचा वास येतो. उगाच गेले, उगाच बोलले, उगाच पैसे घातले. सुम्माला तो येत नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा हा फरक घरात उतरला. तिला तमिळ येत नव्हतं. समोरच्या मामींना मराठी नाही, हिंदीही नाही. दोघींकडे मिळून मोडकं इंग्रजी. मामी रोज चारच्या सुमारास दार वाजवायच्या, 'सिम्पली' म्हणायच्या आणि खुर्चीत बसायच्या. हातात वाटी नाही, निरोप नाही. त्या गेल्या की आई मला विचारायची, "काय काम होतं गं त्यांचं?" तिच्या हिशेबात माणूस दुपारी कामाशिवाय येत नाही, आणि काम सांगत नसेल तर ते अडचणीचं असणार. पंधरा दिवस तिने वाट पाहिली, मामी उसने पैसे कधी मागतात याची.

मामी बसत, आई गवार मोडत असे. हळूहळू अर्धी गवार मामींकडे जाऊ लागली. वडिलांबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. सांत्वनाला येणाऱ्यांना आई तोंडपाठ झालेली हकीकत सांगायची, कुठल्या दिवशी ताप आला, डॉक्टर काय म्हणाले. ती मामींना कधी सांगावी लागली नाही.

फोनचंही तसंच. त्या वर्षानंतर अवेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येई. मी ऑफिसात, स्क्रीनवर घरचा नंबर, साडेअकराची वेळ. "काय झालं?" माझा पहिला प्रश्न ठरलेला, नमस्कारचमत्कार नाही. पलीकडे थोडा वेळ शांत. मग आई, मामींच्याच सुरात, 'म्प'वर जोर देऊन म्हणाली, "सिम्पली."

मी म्हटलं, "बरं." आणि फोन ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, ती दोघींनी ऐकली.