टेकडीवरचा डबा

आपल्या वसतिगृहात वाढलेला आणि सध्या जर्मनीत अभियंता असलेला एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी सुटीत मला भेटावयास आला. पेढ्यांऐवजी त्याने माझ्या हाती प्लॅस्टिकचा एक डबा ठेवला व म्हणाला, "सर, हा कुठेतरी लपवायचा, जागा अक्षांश-रेखांशांत सांगायची आणि लोकांनी तो शोधायचा." मी इतिहासाचा शिक्षक. पन्नाशीनंतर डबे लपवण्याचा छंद जडेल, असे मला वाटले नव्हते. तो जडला.

या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. त्याचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत सामान्य नागरिकांसाठी हेतुपुरस्सर अस्पष्ट ठेवले जात. स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकत असे. मे २०००च्या प्रारंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही आडकाठी दूर झाली आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील रानात एक बादली ठेवून तिचे स्थान जगाला कळवले. दडवलेले ज्ञान खुले होताच दोन दिवसांत त्यातून नवे काही निर्माण झाले! ज्यांच्या पूर्वजांपासून अक्षरही दडवले गेले, त्यांना याचे अप्रूप अधिक वाटणार.

नवख्यांची पहिली चूक म्हणजे शेवटपर्यंत मोबाइलकडे पाहत राहणे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. झाडीत आणि कड्यालगत त्याचा भरवसा धरू नये. अक्षांशातील दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक एकाने बदलला की जागा सुमारे ११ मीटर सरकते. हे फळ्यावर समजत नाही, मुलांना मैदानावर चालवूनच शिकवावे. दहा पावले उरली की मोबाइल खिशात घालावा आणि ठेवणाऱ्याच्या मनाचा विचार करावा. दगडांच्या फटीत हात कधीही घालू नये, काठी घालावी; आपल्याकडे विंचू कमी नाहीत. वही आणखी एका पिशवीत गुंडाळावी, नाहीतर आषाढात तिचा लगदा होतो. डब्यात खाऊ ठेवू नये, मुंग्यांना अक्षांश लागत नाहीत. जमिनीत पुरण्यास खेळाच्या नियमांतच मनाई आहे. पूल, धरण, रेल्वे स्थानक यांच्या जवळपासही फिरकू नये.

खेळातील एक प्रथा मात्र मी मानत नाही. खेळ न जाणणाऱ्यांना 'मगल' म्हणायचे आणि त्यांच्या नकळत शोध घ्यायचा, अशी रीत आहे. एकदा वसतिगृहातील पाच मुलांना घेऊन मी जवळच्या एका गावाच्या शिवारात गेलो होतो. मुले बांधालगत वाकून शोधत असताना एका शेतकऱ्याने हटकले. काय शोधता, हे त्याने नंतर विचारले. आधी नावे विचारली, मग आडनावे, मग कोणत्या वस्तीतले. क्षणापूर्वी हसणारी मुले खाली पाहू लागली. मी वही दाखवली, खेळ समजावला, तो गृहस्थही निवळला. पण परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. जर्मनीत वाकून शोधणाऱ्या माणसाकडे लोक कुतूहलाने पाहत असतील, आमच्या मुलांकडे कसे पाहिले जाते हे मला ठाऊक आहे. आमच्या मुलांनी लपूनछपून काही करण्याचे कारण नाही. तेव्हापासून जमीनमालकाची परवानगी आधी, डब्यावर शाळेचे नाव ठळक अक्षरांत आणि वाटेत भेटेल त्याला आपण होऊन सांगायचे, असा आमचा नियम आहे. मजा थोडी उणावते, हे मान्य.

लेण्यांमध्ये डबा ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. ती संरक्षित स्मारके आहेत, आणि आपल्या दृष्टीने त्याहून अधिक काही. तेथे डब्याविना शोध घ्यावा. नाशिकच्या लेण्यांत मी मुलांना ब्राह्मी अक्षरांचा तक्ता देतो आणि लेणी क्रमांक ३च्या ओसरीपाशी उभे करतो. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ही लेणी भिक्खुसंघास दान दिली. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या वर्षाचा तिचा लेख तेथे आहे. त्यात या डोंगराचे नाव कोरलेले आहे: तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. लोक मात्र 'पांडवलेणी' म्हणतात. गेल्या सहलीत सातवीतील एका मुलीने मान उंचावून, तक्त्याशी ताडून, पाऊण तासाने ती तीन अक्षरे शोधली. शेजारी एक कुटुंब पांडवांची कथा ऐकत होते. ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, नाव इथे लिहिलंय, या ना, दाखवते." वंदनेत रोज म्हटला जाणारा 'एहिपस्सिको' हा शब्द मी तिला वर्गात कधी इतका नीट समजावला नव्हता.

शाळेमागच्या टेकडीवरचा डबा अजून तिथेच आहे. वहीत सतरा तुकड्यांच्या विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत, काही पालकांचे अंगठेही. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी सकाळी सातला मी पायथ्याशी असेन. अक्षांश-रेखांश तिथेच मिळतील. पेन प्रत्येकाने आपले आणावे; डब्यातले मागच्या वर्षी कोणीतरी घेऊन गेले.