चार दिवसांची सुट्टी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथे मी शिकत असता, ऑक्टोबरात शनिवार ते मंगळवार अशी सुट्टी मिळाली. जवळपासची मुले लगेच घरी गेली. परंतु माझ्या शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्याचे घर कॅलिफोर्नियात, जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर! जाण्यायेण्यातच दोन दिवस सरले असते. तो राहिला, तसेच आम्ही आणखी चौघे.

सायंकाळी ते निर्जन वसतिगृह खायला उठले. तेव्हा आम्ही एकत्र स्वयंपाक केला. त्याने मक्याच्या पोळ्या भाजल्या, मी पिठले केले. एरवी अबोल असणारा तो मुलगा आजीच्या आठवणींत रंगून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही टगॅनक धबधबा पाहिला. त्याची उंची 215 फूट, म्हणजे नायगऱ्याहूनही अधिक! वाटेवरील मेपल वृक्ष पिवळे झाले होते. दिवस लहान झाले, की पानांतील हिरवे द्रव्य ओसरते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो. वर्गाची गडबड ओसरताच माझ्या सोबत्यांचेही असेच झाले होते. बुधवारी वर्ग पुन्हा भरले, तेव्हा त्या गर्दीत माझे चार जिवलग होते.