दहा पानांचें मागणें

पैसा मागणें ही मोठी अवघड कला आहे, आणि आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून ती कोणी मुलांस शिकवीत नाहीं. उलट, कोणापुढें हात पसरूं नये, हेंच आपलें बाळकडू. त्यामुळें आमच्या पुतण्यानें नोकरी सोडून दोन मित्रांसह धंदा काढला आणि आतां त्यास गुंतवणूकदारांकडे भांडवल मागावयास जावयाचें आहे, असें कळलें तेव्हां घरांत सर्वांसच थोडें चमत्कारिक वाटलें. ही मागणी हल्लीं नुसती तोंडीं होत नाहीं. तिच्यासाठीं संगणकावर चित्रें, आंकडे आणि मोजकीं वाक्यें यांचीं पानें रचावीं लागतात. त्या पानांच्या संचास ‘पिच डेक’ म्हणतात. पुतण्यानें आपला डेक आम्हांस दाखविला तो आम्ही कोणी धनिक आहों म्हणून नव्हे. घरांतील कोणतेंही लिखाण बाहेर जाण्यापूर्वीं आमच्या हातांखालून जातें, एवढ्यासाठींच.

धंदा असा. जुन्नर तालुक्यांत टोमॅटोचें पीक मोठें. नारायणगांवच्या बाजारांत भाव पडला, कीं तोडलेला माल मिळेल त्या दरानें विकण्यावांचून शेतकऱ्यास गत्यंतर नसतें. या तिघांनीं त्या भागांत सूर्याच्या विजेवर चालणाऱ्या ४ शीतखोल्या उभ्या केल्या आहेत. २० किलोच्या क्रेटमागें दिवसाचे १० रुपये भाडें द्यावें आणि माल दोन-चार दिवस थांबवावा. पहिल्या खोलीचा खर्च आमच्या वडील बंधूंनीं निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून दिला. दिवाळीपर्यंत बाहेरचें भांडवल आलें नाहीं, तर पुतण्यास पुन्हा नोकरी शोधावी लागेल, आणि दादांच्या रकमेचें काय होईल हें कोणी बोलून दाखवीत नव्हतें.

डेकचीं पानें होतीं २७. अमेरिकेंतील गाय कावासाकी या गृहस्थांनीं याविषयीं एक नियम घालून दिला आहे: पानें १०, वेळ २० मिनिटें, आणि अक्षर ३० पॉइंटांहून लहान नको. यांतील तिसरी अट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. अक्षर मोठें घेतलें कीं शब्द कमी मावतात, आणि शब्द कमी झाले कीं माणसास विचार करावा लागतो.

दुसऱ्याच पानावर भारतांतील शीतगृहांच्या व्यवसायाचा एक अवाढव्य आंकडा होता. त्याखालीं लिहिलें होतें, ‘यांपैकीं केवळ १ टक्का आम्हांस मिळाला तरी...’ हा एक टक्का मोठा लबाड असतो. ‘केवळ’ या शब्दाच्या आडोशानें तो आंत शिरतो, परंतु तो कोणाकडून आणि कसा मिळावयाचा, हें त्यास कोणी विचारीत नाहीं. आम्हीं पुतण्यास सांगितलें, “देशाचें राहूं दे. एका खोलीचा हिशेब मांड.” खोलींत २५० क्रेट मावतात, सरासरीनें असतात १५०. दिवसाचें भाडें १,५०० रुपये. हंगामाचे २०० दिवस धरले तर वर्षास ३ लाख. राखणदार आणि दुरुस्ती यांचे ६० हजार वजा जातां उरतात २ लाख ४० हजार. खोलीचा खर्च १२ लाख. म्हणजे पैसा परत येण्यास ५ वर्षें. डेकांत छापलें होतें दोन! पुतण्याचा चेहरा उतरला. परंतु खोली पूर्ण भरली, तर हीच मुदत तीन वर्षांच्या आंत येते. धंदा खोल्यांच्या संख्येवर जगणार नाहीं, खोली किती भरते यावर जगेल, ही गोष्ट २७ पानांत कोठेंच नव्हती. नव्या डेकांत दुसऱ्या पानाचा मथळा तोच झाला.

खरा वाद पेटला तो पुढील पानावरून. तेथें ठळक अक्षरांत होतें, ‘३०० शेतकरी आमच्याबरोबर.’ वहिनींनीं चष्मा पुसून विचारलें, “अरे, हे नेमानें येणारे, कीं एकदां नांव नोंदवून गेलेले?” नोंदवहींत नांवें ३०० होतीं. गेल्या हंगामांत नेमानें माल ठेवणारे ४१.

“आई, सगळेच असें लिहितात. ४१ पाहून कोण पैसे देईल?”

त्याचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. चांगल्या डेकलाही नकार येतात. एअरबीएनबीचा आरंभींचा डेक आज जगभर नमुना म्हणून दाखवितात. परक्याच्या घरीं राहण्याची सोय लोक इतरत्र आधींपासूनच शोधीत आहेत, हें त्यांत आंकड्यांनीं दाखविलें होतें. तरी २००८ सालीं दीड लाख डॉलरांसाठीं ज्या सात जणांस गांठलें, त्यांपैकीं पांचांनीं नकार कळविला आणि दोघांनीं उत्तरच दिलें नाहीं. दुसऱ्या बाजूस, रक्ततपासणीच्या यंत्राविषयीं गुंतवणूकदारांस फसविल्याबद्दल थेरानोसच्या एलिझाबेथ होम्स यांस २०२२ च्या जानेवारींत दोषी ठरविण्यांत आलें. ३०० आणि ४१ यांतील अंतर तेवढें मोठें नव्हे, हें आम्हांसही कळत होतें. पण वाट तीच होती. घरांत दोन दिवस अबोला झाला. शेवटीं दादा, जे एरवीं मुलाचीच बाजू घेतात, जेवतां जेवतां म्हणाले, “माझा पैसा तुझ्या ४१ मध्यें आहे, कीं ३०० मध्यें?”

१९०७ सालीं टाटांच्या पोलादाच्या कारखान्यास लंडनच्या बाजारांत भांडवल मिळेना, तेव्हां मुंबईंत भाग विक्रीस काढले, आणि तीन आठवड्यांत सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं १६ लाख ३० हजार पौंडांचें सारें भांडवल उभें केलें. स्वदेशीचें वारें होतें, हें खरेंच. परंतु मयूरभंजच्या डोंगरांत उत्तम लोहखनिज आहे, हें भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनीं १९०४ सालींच कळविलें होतें. मागणीच्या कागदामागें तें खनिज होतें. पुतण्याचें खनिज म्हणजे ते ४१ शेतकरी. ते पुन्हा पुन्हा कां येतात, हें सांगणारें पान आम्हीं त्याच्याकडून चार वेळां लिहून घेतलें.

नवा डेक १० पानांचा झाला. शेवटच्या पानावर पूर्वीं नुसतें ‘विस्तारासाठीं दीड कोटी’ होतें. आतां १० खोल्यांचे १ कोटी २० लाख आणि माणसें, दुरुस्ती व प्रवास यांचे ३० लाख, असें मांडलें.

पहिल्या गुंतवणूकदारानें तिसऱ्या पानावरच घड्याळ पाहिलें. दुसऱ्या बाई ४१ या आंकड्यापाशीं थांबल्या, आणि त्यांपैकीं पांच जणांचे फोन त्यांनीं मागून घेतले. एकास तर तेथल्या तेथें, पुतण्यासमोरच फोन लावला. शेतकरी बाजारांत होता. बाई कोण आहेत, हें नीट ऐकून न घेतांच तो म्हणाला, “खोली चांगली आहे हो, पण दाराचं रबर दोन दिवसांपासून सुटलंय. पोरांना कधी पाठवतां?” बाईंचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. रबर त्याच संध्याकाळीं बसविलें.