अंबाजोगाईस पाहिलेले दोन हंगाम

कोकणस्थ घराण्यांपैकी पुष्कळांची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी. भक्त समुद्रकाठचे आणि देवी बालाघाटच्या डोंगरात, हे कोडे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. घरात लग्नकार्य झाले की नव्या जोडप्याने देवीपुढे जाऊन ओटी भरावी, अशी आमच्याकडे चाल आहे. गेल्या वर्षी धाकट्या पुतण्याचे लग्न झाले. तेव्हा नवरात्राची गर्दी ओसरल्यावर, कोजागरीच्या सुमारास, आम्ही घरची लहानमोठी नऊ माणसे बीड जिल्ह्याच्या वाटेस लागलो.

दुष्काळी मुलूख म्हणून ज्याचे नाव कानी पडते, तो पावसाळा सरताना पाहावा. तुरीची शेते हिरवीगार होती, कापूस फुटू लागला होता आणि रस्त्याच्या कडेला बाया सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. गाव मोठे भाग्याचे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे आहे. दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला तोही येथेच. निजामी अमदानीत या गावास मोमिनाबाद म्हणत. त्या काळी येथील योगेश्वरी विद्यालयात मुलांना शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संस्थान मुक्त झाले.

दर्शन आटोपून आम्ही बाहेर पडलो, तो कोठूनसा हलगीचा आणि लेझमीचा आवाज कानी आला. मुले थांबेनात, म्हणून आवाजाच्या रोखाने गेलो. एका मैदानावर मुलींचा शालेय खो-खोचा सामना चालला होता. पावसाळ्याच्या मध्यापासून तालुक्याचे सामने सुरू होतात, मग जिल्ह्याचे, आणि दिवाळीच्या आगेमागे विभागाचे. शाळांचा हा एक हंगामच असतो.

आमची एक भाची अमेरिकेत राहते. तिकडच्या हायस्कुलांत शरद ऋतूतल्या शुक्रवारी सायंकाळी मुलगे फुटबॉल खेळतात, कडेला मुली हातांत रंगीत झुपके घेऊन तालावर नाचत त्यांना चेव आणतात आणि सारे गाव पाहावयास लोटते, असे ती सांगते. येथे आम्ही उलट पाहिले. मैदानात मुली होत्या आणि कडेला लेझीम घेऊन मुलगे. आपली मुलगी बाद न होता खांबाला वळसा घालून निसटली की लेझमीचा खणखणाट होई, आणि हलगीवाला असा काही ठेका धरी की आमच्या नव्या सूनबाईंचेही पाय हलू लागले.

खो-खो आपण सर्वांनीच अंगणात खेळलेला आहे. परंतु तो नियमांत बांधला गेला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली. दोन खांबांमध्ये आठजणी एकाआड एक तोंडे करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणाऱ्या तीन तीन करून आत येतात. पाठलाग करणारीस खांब गाठण्याआधी मागे फिरण्याची मुभा नाही. त्याआधी दिशा बदलावयाची तर बसलेल्या मैत्रिणीला खो देऊन आपण तिच्या जागी बसावे लागते. एकटीने सामना जिंकणे या खेळात शक्यच नाही.

केज तालुक्यातल्या एका खेड्याचा संघ खेळत होता. त्यातली एक काळीसावळी, काटकुळी मुलगी खांबाजवळ सूर मारून गडी टिपी, तो पाहण्यासारखा होता. अनवाणी पाय, गुडघ्यांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा. तिच्या संघाने सामना जिंकला. पाणी पिण्यास ती आमच्या सावलीत आली, तेव्हा आमच्या थोरल्या वहिनींनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि विचारले, “आता विभागाला जाणार ना ग?”

“न्हाई आजी,” ती म्हणाली. “दिवाळीच्या आधी आमचं बिऱ्हाड कारखान्यावर जातंय. आईबापांनी उचल घेतलीया.”

तिच्या शिक्षकांनी उलगडा केला. बीडच्या खेड्यांतून दरसाल या सुमारास हजारो कुटुंबे ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून नवराबायको मिळून आगाऊ रक्कम घेतात. त्या जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात. उसाच्या फडाशेजारी कोपी बांधून राहावयाचे, पहाटेच्या अंधारात तोडणी, मोळ्या बांधून वाहनांत भरणे, आणि उन्हाळा लागला की परत. मागे मुले ठेवावीत तर सांभाळणारे कोण? वयात आलेल्या मुलीची धास्ती मोठी; त्या धास्तीपायीच कितीकांची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात. सोबत न्यावी तर शाळा सुटते. “आमचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतो,” शिक्षक म्हणाले. “गावात हंगामी वसतिगृह आहे. जेवण मिळते, पण रात्री निजण्यास घरचे माणूस लागते. हिची आजी हो म्हणाली, तर पोर राहील. आज रात्री पुन्हा जाणार आहे त्यांच्या घरी.”

याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी मैलोगणती पायी जाई. पुढे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्याने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले, आणि २०२३ साली हांगचौ येथे आशियाई सुवर्णपदक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे. ही नावे त्या मुलींना पाठ होती.

परतताना आमची नववीतली नात गाडीत गप्प होती. मग एकदम म्हणाली, “मीही शाळेच्या संघात होते. क्लासमुळे तुम्ही माझं नाव काढायला लावलंत.” कोणी काही बोलले नाही. त्या मुलीच्या आईबापांपुढे पोटाचा प्रश्न होता. आमच्यापुढे कोणता होता? चहात साखर घालताना त्या दिवसापासून आम्हांस फड आठवतो, आणि मैदानही.

माघात शिक्षकांचे पत्र आले. आजीने होकार दिला. मुलगी गावी राहिली. मात्र संघातल्या दुसऱ्या दोघी कारखान्यावर गेल्या. त्यांच्या जागी लहान मुली घेऊन संघ विभागाच्या सामन्यास उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. “तरी नऊजणी उभ्या केल्या,” असे त्यांनी लिहिले होते. मुलगी दहावीच्या परीक्षेस बसणार होती.

पत्र घरात सर्वांपुढे वाचले. आमच्या नातीने ते पुन्हा एकदा स्वतः वाचले. यंदा तिचे नाव शाळेच्या संघात आहे. सायंकाळच्या क्लासची वेळ आम्ही बदलून घेतली आहे.