कोकोस बेट: जिथं कुणी राहत नाही

"तिथं माणसंच नाहीत, तर जाऊन बघणार काय रे तू?" सॅन होजेहून घरी फोन केला तेव्हा आईचा पहिला प्रश्न हाच होता. कंपनीच्या प्रोजेक्टसाठी मी वर्षभर कोस्टा रिकात होतो. आता सुट्ट्या साठवून, खिसा बराच रिकामा करून पॅसिफिक महासागरातल्या कोकोस बेटावर निघालो होतो. आईला उत्तर काय द्यावं, ते मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

कोकोस बेट कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटर आत समुद्रात आहे. तिथं विमान उतरत नाही. पुंतारेनास बंदरातून बोट सुटली की साधारण दीड दिवस फक्त पाणी. बेटावर हॉटेल नाही आणि पर्यटकांना मुक्कामाची परवानगीही नाही. दिवसा उतरायचं, रात्री झोपायला बोटीवर परतायचं. कायमची वस्ती म्हणाल तर शून्य. आळीपाळीनं येणारे वनरक्षक आणि थोडे स्वयंसेवक, एवढीच काय ती माणसं.

माझ्यासोबतचे बहुतेक लोक डायव्हिंगसाठी आले होते. मीही नेत्राणीला स्कूबा शिकलो होतो, त्यामुळे हातोड्यासारख्या डोक्याचे हॅमरहेड शार्क थव्यानं डोक्यावरून जाताना पाहिले. तो अनुभव मोठाच होता. पण मनात घर करून राहिलं ते बेट.

पहिल्यांदा दिसला तो फक्त ढग. मग ढगाखाली हिरवी भिंत आणि त्या भिंतीवरून थेट समुद्रात पडणारे धबधबे. हे बेट ज्वालामुखीतून तयार झालं आहे. क्षेत्रफळ जेमतेम २४ चौरस किलोमीटर, पण कडे उभे. पाऊस वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर. आम्हा बेळगावकरांना हा आकडा सांगायला सोपा: साधारण आंबोलीएवढा! फरक इतकाच, की आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला जवळजवळ वर्षभर चालू असतो. जंगलात शिरल्यावर ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास आला आणि क्षणभर वाटलं, आता वळणावर भज्यांची टपरी दिसणार.

टपरी अर्थातच नव्हती. झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, त्यावर आणखी झाडं. एक पांढराशुभ्र समुद्रपक्षी माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर हवेत थांबून माझ्याकडे बघत राहिला. माणसाला घाबरायचं असतं, हे त्याला ठाऊकच नसावं. इथली कोकोस फिंच ही छोटी चिमणीसारखी पाखरं डार्विनच्या प्रसिद्ध फिंच पक्ष्यांपैकी. त्या कुळातली गालापागोसबाहेर राहणारी ही एकच जात.

मला वाटत होतं, माणूस नाही म्हणजे माणसाच्या खुणाही नसतील. आमच्या सोबतच्या वनरक्षकानं पायवाटेच्या कडेला उकरलेली माती दाखवली. रानडुकरं! बेटावर मूळचा, जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. १७९३ मध्ये जेम्स कोलनेट या इंग्रज कप्तानानं इथं डुकरं आणि बकऱ्या सोडल्या. हेतू वाईट नव्हता. पुढं येणाऱ्या जहाजांना ताजं मांस मिळावं, एवढाच. नंतर जहाजांबरोबर उंदीर आले, मांजरं आली. डुकरं जमीन उकरतात, पावसात ती माती वाहून समुद्रात जाते. सव्वादोनशे वर्षं झाली, डुकरं अजून आहेत.

मग खजिन्याची गोष्ट. चाच्यांनी इथं सोनं पुरलं आहे, या समजुतीनं कितीतरी लोक येऊन खणून गेले. ऑगस्ट गिसलर नावाचा जर्मन माणूस १८८९ पासून जवळजवळ वीस वर्षं इथं राहून खणत होता. हाती लागली ती मोजकीच नाणी. १९७८ मध्ये बेट राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं.

माणसाची एक खूण मात्र मला आवडली. वेफर बेजवळच्या नदीवरचा झुलता पूल. बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटींकडून जप्त केलेल्या दोऱ्या आणि तरंगत्या बोयांपासून वनरक्षकांनीच तो बांधला आहे.

शेवटच्या दिवशी चॅटम बेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथल्या मोठमोठ्या दगडांवर जुन्या जहाजांची आणि खलाशांची नावं कोरलेली आहेत. बाकीचे फोटो काढत होते. मला मात्र राजहंसगड आठवला. बीईच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघं मित्र गाड्या घेऊन गडावर गेलो होतो आणि मी कंपासच्या टोकानं एका दगडावर नाव आणि साल कोरलं होतं. तेव्हा फार भारी वाटलं होतं. जुन्या खलाशांची नावं आज इतिहास म्हणून बघतात. माझं नाव कोण बघणार?

दिवाळीला बेळगावला आलो तेव्हा भाच्याला घेऊन राजहंसगडावर गेलो. शोधावं लागलं नाही, दगड लगेच सापडला. भाचा म्हणाला, "मामा, हे तुमचं नाव? मी पण लिहू?"

मी त्याला कोलनेटच्या डुकरांची गोष्ट सांगितली. ठेवायला एक मिनिट लागतं आणि परत न्यायला दोनशे वर्षंही पुरत नाहीत. कॉम्प्युटरवर चूक केली की मी अन्डू करतो, दगडावर ते बटण नाही. खरं तर मी खिशातल्या किल्लीनं माझं नाव घासूनही पाहिलं. नाव गेलं नाही, दगडच आणखी खरवडला. मग थांबलो.

भाच्यानं हातातला खडा खाली टाकला आणि विचारलं, "मग तिथं तुम्ही काय ठेवून आलात?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सापडलं.